स्टोरेज कार्ड बसवलं की मशीन बूट होत नाही: काळी स्क्रीन, मग गायब बूट डिस्क

आठवीवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या डेस्कटॉपच्या बोर्डावर सहा साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) आहेत आणि सहाही भरलेत. अजून चार डिस्क लावायच्या आहेत, म्हणून सर्व्हरमधून निघालेलं आठ पोर्टचं एक जुनं एसएएस कार्ड (सर्व्हरच्या डिस्क जोडायचं, पण साटा डिस्कही चालणारं) घेतलं. चिप एसएएस२००८ आहे. पहिल्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे, हे दुसऱ्यात बसवलं.

बटण दाबलं की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. बायोसचा (बोर्डावरच्या पहिल्या प्रोग्रामचा) लोगोसुद्धा येत नाही, कीबोर्डचे दिवे लागत नाहीत. कार्ड काढलं की सगळं पूर्ववत. कार्डाला एकही डिस्क जोडलेली नसली तरी हेच होतं. दुसऱ्या एका मशीनमध्ये मात्र हेच कार्ड व्यवस्थित चालतं, त्यामुळे ते मेलेलं नाही एवढं नक्की.

डेबियन (लिनक्स) एका एसएसडीवर आहे, विंडोज दुसऱ्यावर, आणि दोन्ही एसएसडी बोर्डाच्याच पोर्टांवर आहेत. कार्डावरून बूट करायचंच नाहीये, त्यावर फक्त डेटाच्या डिस्क लागतील. सुरुवात कुठून करू?

धूळझाडू

आधी गाडी नेमकी कुठे अडते ते ठरवू. "बूट होत नाही" असं म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. लोगो येण्याआधीच सगळं थांबलं तर भांडण कार्ड आणि बोर्ड यांच्यात आहे. लोगो आला, पण "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असा संदेश आला, तर बायोसची यादी बिघडली आहे. आणि लिनक्स किंवा विंडोज सुरू होऊन मध्येच अडलं, तर बायोसने त्याचं काम केलेलं आहे, दोष ड्रायव्हरमध्ये किंवा डिस्कच्या नावांमध्ये शोधायचा.

तुमचा प्रकार पहिला दिसतोय. बोर्डावर दोन अंकी कोड दाखवणारी छोटी पट्टी असेल तर थांबतं तेव्हाचा आकडा सांगा. एएमआय कंपनीच्या युईएफआय (म्हणजे नव्या पद्धतीच्या) बायोसमध्ये ९२ ते ९६ हे कोड पीसीआय बस मोजण्याचे आणि तिला संसाधनं वाटण्याचे असतात, ए० पासून पुढे डिस्क शोधायचं काम चालतं, आणि बी२ म्हणजे कार्डावरचा जुन्या पद्धतीचा रॉम चालवायची पायरी. बी२ वर अडलं तर उपाय अगदी वेगळा आहे. हा एक आकडा मिळाला तर बरीच डोकेफोड वाचेल.

आणि हो, बायोस रीसेट करायची घाई करू नका. अशा धाग्यांवर पहिला सल्ला हमखास तोच असतो. रीसेट केल्यावर साटाचा मोड रेडवरून (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) एएचसीआयवर (साध्या, सुट्या डिस्कची पद्धत) किंवा उलट जाऊ शकतो, आणि मग मूळ दुखणं बाजूला राहून विंडोज निळी स्क्रीन दाखवायला लागतं.

आठवीवाट

कोडची पट्टी नाही बोर्डावर. पण चार छोटे दिवे आहेत: सीपीयू, रॅम, ग्राफिक्स, बूट. कार्ड असताना रॅमचा दिवा लागून राहतो. रॅम काढून पुन्हा बसवून बघितली, काही फरक नाही.

तांब्याचीतार

रॅमचा दिवा म्हटलंत तेव्हाच अंदाज आला. टेपचा उपाय करा.

सविस्तर सांगतो, कारण का ते कळल्याशिवाय कार्डावर टेप चिकटवायला कोणाचाही हात धजावत नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये डेटाच्या तारांखेरीज एसएमबस नावाच्या दोन बारीक तारा असतात, एक क्लॉक आणि एक डेटा. सर्व्हरमध्ये त्यांच्यावरून तापमान वगैरे देखरेखीची माहिती जाते. घरगुती बोर्डांवर पुष्कळदा याच बसवर रॅमच्या एसपीडी चिपाही असतात. रॅम किती, कुठल्या वेगाची, हे बायोस तिथूनच वाचतो. सर्व्हरसाठी बनलेलं कार्ड त्या बसवर मध्येच बोलायला लागलं की बायोसला रॅमचा तपशील वाचता येत नाही आणि तो तिथेच अडून बसतो. म्हणून रॅम चांगली असूनही दिवा रॅमचा. डेल एच२००, एच३१० आणि आयबीएम एम१०१५ या एसएएस२००८ घराण्यातल्या कार्डांबाबत हा अनुभव जगभर नोंदवला गेलाय, विशेषतः इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर. तीच कार्डं सर्व्हर बोर्डात निमूट चालतात.

उपाय म्हणजे त्या दोन तारा तोडायच्या. खरोखर कापायच्या नाहीत, फक्त झाकायच्या. कार्डाच्या ज्या बाजूला चिप आणि हीटसिंक आहे ती बी बाजू. लोखंडी पट्टीकडून मोजायला लागा: बी१, बी२, बी३ हे १२ व्होल्टचे, बी४ ग्राउंड, बी५ आणि बी६ म्हणजे आपल्या दोन तारा, बी७ परत ग्राउंड, बी८ हा ३.३ व्होल्टचा. खाचेच्या अलीकडे एकूण ११ पिना असतात, त्यात मधोमध या दोन येतात. केप्टन टेपची (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीची) अगदी अरुंद पट्टी कापून फक्त पाचवी आणि सहावी पिन झाका. शेजारच्या ग्राउंडवर केसभर गेली तरी चालेल, पण बी३ आणि बी८ उघडे राहिलेच पाहिजेत. साधा सेलोटेप नको, तो उष्णतेने सरकतो आणि त्याचा चिकटा स्लॉटमध्ये राहतो.

कार्डाच्या वेगावर किंवा डिस्कवर याचा काही परिणाम होत नाही. डेटा या तारांवरून जातच नाही.

रात्रपाळी

मधेच विचारतो, विषय जवळचा आहे म्हणून. माझ्याकडे जुनं बोर्ड आहे, त्यात एम.२ स्लॉट नाही. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बसणाऱ्या अडॅप्टरवर एनव्हीएमई एसएसडी (साटाऐवजी थेट पीसीआय एक्स्प्रेसवरून बोलणारी) लावली. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसली, इन्स्टॉल पूर्ण झालं, पण रीबूट केल्यावर बायोसच्या यादीत तिचा पत्ताच नाही. अडॅप्टर खराब असेल का?

धूळझाडू

@रात्रपाळी, अडॅप्टर बिचारा नुसता तारा जोडून देतो, त्यावर बहुधा एकही चिप नसते. दोष बायोसचा. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली आणि डेस्कटॉप बोर्डांच्या बायोसमध्ये तिचा ड्रायव्हर सर्रास दिसायला लागला तो इंटेलच्या ९-मालिकेच्या चिपसेटांच्या काळात. त्याआधीच्या बायोसला हे उपकरण काय आहे तेच कळत नाही. लिनक्सच्या कर्नेलकडे स्वतःचा ड्रायव्हर असतो, म्हणून इन्स्टॉलरला डिस्क दिसते. पण कर्नेल चालू करायला तो आधी कोणीतरी डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवावा लागतो आणि ते काम बायोसचं.

म्हणून बायोसला वाचता येईल अशा ठिकाणी तेवढाच भाग ठेवा. बोर्डाच्या साटा पोर्टवर एखादी छोटी जुनी एसएसडी किंवा यूएसबी स्टिक लावा, ईएफआय पार्टिशन (बूटलोडरचं) आणि बूट पार्टिशन (कर्नेलचं) तिच्यावर, आणि रूट (बाकीची सगळी सिस्टिम) एनव्हीएमईवर. कर्नेल मेमरीत आला की पुढचं सगळं एनव्हीएमईच्या वेगाने चालतं. बायोसमध्ये ड्रायव्हर घुसवून तो पुन्हा फ्लॅश करणारेही लोक आहेत. बायोसची चिप परत लिहायचं साधन हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आठवीवाट

तांब्याचीतार, मनापासून आभार! टेप लावला आणि लोगो आला. इतक्या बारीक पट्टीने एवढा फरक पडेल असं खरंच वाटलं नव्हतं.

आता पुढचा मुक्काम. लोगोनंतर कार्डाचा स्वतःचा काळा पडदा येतो, त्यावर कंट्रोल-सी दाबायची सूचना असते, खाली ठिपके सरकत राहतात आणि बराच वेळ जातो. मग जोडलेल्या चार डिस्कची यादी येते. आणि त्यानंतर "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". दोन्ही एसएसडी बायोसमध्ये दिसताहेत, तरीही.

धूळझाडू

चांगली प्रगती आहे. दुसऱ्या आजाराकडे आलो.

तो काळा पडदा म्हणजे कार्डावरचा ऑप्शन रॉम. मूळ पीसीच्या काळापासूनची ही पद्धत आहे: कार्डावर एक छोटा प्रोग्राम असतो, त्याची सुरुवात ५५ एए या दोन बाइटांनी होते, बायोस तो शोधून चालवतो. स्टोरेज कार्डाचा प्रोग्राम डिस्क वाचायच्या जुन्या सेवेत, म्हणजे इंटरप्ट १३ मध्ये, स्वतःला गुंफून घेतो आणि आपल्या डिस्क बायोसच्या यादीत घुसवतो. त्या यादीत कोण पुढे, कोण मागे हे ठरवायला १९९६ मध्ये बायोस बूट स्पेसिफिकेशन आलं. पण नवी डिस्क दिसली की तिला थेट डोक्यावर नेऊन बसवणारे बायोस आजही आहेत. तुमच्या चारपैकी एखादी डेटा डिस्क आता पहिली झाली असणार. तिच्यावर बूटलोडर नाही, म्हणून तो संदेश.

खात्री करायची तर चालू करताना बूट मेनूची कळ दाबा आणि डेबियनची एसएसडी हाताने निवडा. ती सुरू झाली तर निदान पक्कं.

मग क्रम दुरुस्त करून थांबू नका, मुळावरच जा. तुम्हाला कार्डावरून बूट करायचं नाही, तर त्याचा ऑप्शन रॉम चालायलाच नको. लिनक्स कार्डाशी स्वतःच्या ड्रायव्हरने बोलतं, त्याला या रॉमची गरज नसते. बायोसमध्ये सीएसएमच्या (युईएफआय बोर्डावर जुन्या पद्धतीचं बूट चालवणाऱ्या भागाच्या) पानावर स्टोरेज ऑप्शन रॉमचं सेटिंग शोधा आणि "डू नॉट लाँच" करा. सर्व्हरच्या बोर्डांवर हे दर स्लॉटला वेगळं असतं. तुमच्या बायोसमध्ये नसेल तर कार्डाच्या पडद्यावर कंट्रोल-सी दाबून आत जा, तिथे बूट सपोर्ट नावाचा पर्याय आहे, तो "डिसेबल्ड" किंवा "ओएस ओन्ली" करा. ठिपक्यांची ती लांबलचक वाटही संपेल.

निळीस्क्रीन

सरळ सीएसएमच बंद करा ना. शुद्ध युईएफआयमध्ये जुना रॉम चालतच नाही, प्रश्नच मिटला. असल्या जुन्या गोष्टी किती दिवस सांभाळायच्या?

तांब्याचीतार

@निळीस्क्रीन, धागाकर्त्याचं विंडोज कुठल्या पद्धतीने बसवलंय ते आपल्याला माहीत नाही. जुन्या पद्धतीने, एमबीआर (जुन्या प्रकारच्या पार्टिशन तक्त्याच्या) डिस्कवर बसवलेलं असेल तर सीएसएम बंद केल्या क्षणी ते उठायचं नाही. आधी तपासू द्या. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, त्यात बायोस मोडसमोर "लेगसी" की "युईएफआय" ते लिहिलेलं असतं. लिनक्समध्ये सिस-फर्मवेअरच्या (/sys/firmware) खाली ईएफआय (efi) नावाची डिरेक्टरी असेल तर तुम्ही युईएफआयने आलात. दोन्हीकडे युईएफआय असेल तर खुशाल बंद करा. माझंही मत तेच आहे, फक्त तपासल्यावर.

उलटी अडचणही ध्यानात ठेवा. ज्यांना कार्डावरच्या डिस्कवरूनच बूट करायचंय त्यांनी सीएसएम बंद केला आणि कार्डाच्या रॉममध्ये फक्त जुना प्रोग्राम असला, तर ती डिस्क बायोसला दिसायची बंद होते. मग कार्डावर युईएफआयचा ड्रायव्हर फ्लॅश करावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर बोर्डाला मान्य असलेली सही हवी. सही नसेल तर बोर्ड तो चालवत नाही, आणि बऱ्याचदा कारणही सांगत नाही.

निळीस्क्रीन

मान्य, तपासून करणं बरोबर.

माझाही एक प्रश्न आहे. विंडोजची एसएसडी बोर्डाच्या पोर्टवरून काढून एका साध्या चार पोर्टच्या साटा कार्डावर लावली. बायोसला दिसते, विंडोजचा लोगो येतो आणि मग ०x७बी, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत बोर्डावर लावली की चालते. कार्डाचा ड्रायव्हर आधी कधी बसवला नव्हता.

धूळझाडू

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. विंडोज सुरू होताना ज्या ड्रायव्हरांवर "बूटच्या वेळी लाग" अशी खूण असते तेवढेच उचलतं. नव्या कार्डाचा ड्रायव्हर त्यात नव्हता, त्यामुळे लोडर चालला पण पुढे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना.

एसएसडी बोर्डाच्या पोर्टवर परत न्या. कार्ड मशीनमध्येच असू द्या आणि त्याला दुसरी कुठलीही फालतू डिस्क जोडा. विंडोज चालू करा, ड्रायव्हर बसू द्या, ती डिस्क दिसतेय याची खात्री करा, मग बंद करून एसएसडी कार्डावर हलवा. तरीही ७बी आलं तर एसएसडी पुन्हा बोर्डावर नेऊन बीसीडीएडिटने (विंडोजची बूट सेटिंग बदलायची आज्ञा, bcdedit) सेफ मोडची खूण लावा, मशीन बंद करून एसएसडी हलवा आणि सेफ मोडमध्ये उठवा. सेफ मोडमध्ये साठवणीचे मूळ ड्रायव्हर सगळे तपासले जातात आणि योग्य तो पुढच्या वेळेसाठी नोंदला जातो. नंतर ती खूण काढायला विसरू नका, नाहीतर दर वेळी सेफ मोडच येईल.

पण एक विचारतो: हलवायचीच का? बूटची डिस्क बोर्डाच्या पोर्टवर आणि डेटा कार्डावर, ही मांडणी सगळ्यात कमी त्रासाची. स्वस्तातली साटा कार्डं पीसीआय एक्स्प्रेसच्या एकाच लेनवर (डेटाच्या एका मार्गावर) चार पोर्ट वाटून देतात. बोर्डाचा पोर्ट रिकामा असताना एसएसडी तिकडे नेण्यात तोटाच आहे.

आठवीवाट

ऑप्शन रॉमचं सेटिंग सीएसएमच्या पानावर सापडलं. "डू नॉट लाँच" केलं, बूटचा क्रमही नीट लावला. (तपासलं: विंडोज लेगसीच निघालं! सीएसएम चालूच ठेवतोय. तांब्याचीतार, वेळेवर सावध केलंत.) काळा पडदा गेला, ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) आला, डेबियन सुरू झालं.

आणि आता तिथे अडकलंय. "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं म्हणत दीड मिनिट मोजतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं. कार्डाच्या केबल काढल्या की सुरळीत सुरू होतं.

तांब्याचीतार

एफएसटॅब फाइल (/etc/fstab, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) उघडून बघा. बोर्डावरच्या जुन्या डेटा डिस्क तिथे एसडीबी१, एसडीसी१ अशा नावांनी लिहिल्या आहेत का?

आठवीवाट

हो. बोर्डावरच्या चारही डेटा डिस्क तशाच लिहिल्यात. रूट मात्र युयूआयडीने (पार्टिशनच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) आहे, ते इन्स्टॉलरनेच केलं होतं.

तांब्याचीतार

मग सापडलं. ही अक्षरं कर्नेल डिस्क भेटतील त्या क्रमाने वाटतो, कायमची कोणालाच देत नाही. कार्ड आल्यावर त्याच्या डिस्क आधी भेटल्या असतील, किंवा थोड्या पुढेमागे. त्यामुळे काल जी एसडीबी होती ती आज वेगळीच डिस्क आहे. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या नावाचं पार्टिशन शोधतं, डीफॉल्ट ९० सेकंद वाट बघतं, आणि न मिळाल्यास पुढे जायला नकार देतं.

रूटच्या पासवर्डने इमर्जन्सी मोडमध्ये शिरा. एलएसबीएलके -एफ (lsblk -f) या आज्ञेने प्रत्येक पार्टिशनचा युयूआयडी मिळेल. एफएसटॅबमध्ये सगळीकडे अक्षरांच्या जागी तो लिहा. आणि डेटाच्या ओळींत पर्यायांमध्ये "नोफेल" (nofail) जोडा, म्हणजे उद्या एखादी डिस्क किंवा केबल गेली तरी मशीन उठेल. रूटच्या ओळीला नोफेल लावू नका.

रूट कार्डावरच्या डिस्कवर असतं तर दुखणं वेगळं झालं असतं. तेव्हा इनिटरॅमएफएसमध्ये (रूट सापडेपर्यंत कर्नेल वापरतो त्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये) एमपीटी३एसएएस (mpt3sas) हा कार्डाचा ड्रायव्हर आहे का ते बघावं लागतं. नसेल तर रूटचा युयूआयडी अस्तित्वातच नाही असं सांगून मशीन तुम्हाला बिझीबॉक्सच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या मोजक्या सोयींच्या पडद्यावर) सोडतं. कार्ड मशीनमध्ये असताना अपडेट-इनिटरॅमएफएस (update-initramfs) चालवलं की ते सुटतं. पुढे कोणी हा धागा शोधत आलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

रात्रपाळी

जुन्या साटा एसएसडीवर बूट आणि ईएफआय ठेवून केलं, एनव्हीएमईवरचं रूट सुरू झालं. धूळझाडू, धन्यवाद. आता हावरटपणा म्हणा, पण चार एम.२ बसणारं मोठं कार्ड मिळतंय. ते लावलं तर चारही दिसतील का?

धूळझाडू

बोर्डाने त्या स्लॉटच्या १६ लेन चार-चारच्या चार भागांत तोडून दिल्या तरच. याला बायफर्केशन म्हणतात आणि ते बायोसच्या सेटिंगमध्ये असावं लागतं. नसेल तर चारपैकी फक्त पहिली एसएसडी दिसेल. तुमच्या वयाच्या डेस्कटॉप बोर्डात ते सेटिंग असण्याची आशा कमी. स्वतःची स्विच चिप असलेली कार्डं बायफर्केशनशिवाय चालतात, पण ती महाग असतात आणि तापतात.

नव्या बोर्डवाल्यांसाठीही एक सूचना, कारण हा प्रश्न कार्डाच्या नावावर खपतो. पुष्कळ बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि काही साटा पोर्ट एकाच तारा वाटून घेतात. एम.२ मध्ये एसएसडी घातली की पाचवा-सहावा साटा पोर्ट मुकाट्याने बंद होतो. बूटची डिस्क तिथे असेल तर ती "गेली" असं वाटतं. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो.

आठवीवाट

झालं! सगळ्या ओळी युयूआयडीने लिहिल्या, नोफेल जोडलं, आणि आठही डेटा डिस्क माउंट झाल्या. एलएसपीसीआयमध्ये (lspci, बोर्डातल्या कार्डांची यादी देणारी आज्ञा) कार्डापुढे एमपीटी३एसएएस ड्रायव्हर दिसतोय. विंडोजही उठतंय.

एकच शंका. कार्डाच्या हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसतो.

तांब्याचीतार

बसणारच. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली आहेत, डेस्कटॉपच्या डब्यात त्यांच्यापर्यंत वारा पोचत नाही. हीटसिंकसमोर एक छोटा पंखा बांधा, आणि शक्य झाल्यास ग्राफिक्स कार्डापासून एक स्लॉट दूर सरकवा. तापलेलं कार्ड बूट होताना काही बोलत नाही, मोठी कॉपी चालू असताना एकदम सगळ्या डिस्क सोडून देतं, आणि मग माणूस केबल बदलत बसतो.

चार डिस्क वाढल्यात, तर पॉवर सप्लायकडेही बघा. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. सगळ्या एकदम सुरू झाल्या आणि सप्लाय तोकडा असला तर मशीन बटण दाबताच बंद पडतं.

नवखा३

धागा पूर्ण वाचला, खूप उपयोगी. माझं कार्ड मात्र रेडचं आहे. जुन्या मशीनमधून कार्ड आणि डिस्क दोन्ही या मशीनमध्ये आणल्या. सुरू करताना "फॉरिन कॉन्फिगरेशन फाउंड" म्हणून थांबतं आणि कळ दाबायला सांगतं. काय दाबू? डिस्कवर घरचे सगळे फोटो आहेत, दुसरी प्रत नाही.

धूळझाडू

अजून काहीही दाबू नका. मशीन बंद करा आणि कुठली डिस्क कुठल्या केबलवर आहे ते चिकटपट्टीवर लिहून डिस्कवर लावा.

त्या संदेशाचा अर्थ एवढाच की डिस्कवर रेडची नोंद आहे, पण कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीशी ती जुळत नाही. डेटा गेलेला नाही. पडद्यावर सहसा दोन वाटा असतात. एफ दाबलं तर डिस्कवरची नोंद कार्ड आपलीशी करतं, म्हणजे इम्पोर्ट. सी दाबलं तर कार्डाची सेटिंग्जची युटिलिटी उघडते. त्या युटिलिटीत "क्लिअर" आणि "इनिशियलाइज" हे दोन शब्द दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. क्लिअरने रेडची नोंद पुसली जाते, आणि इनिशियलाइजने डिस्कवर शून्यं लिहायला सुरुवात होते.

इम्पोर्ट करण्याआधी सगळ्या डिस्क यादीत दिसताहेत ना ते मोजा. एखादी केबल सैल असताना इम्पोर्ट केलं तर रेड अपुऱ्या डिस्कवर उभं राहतं, आणि ती डिस्क परत आली की तिची सबंध पुनर्बांधणी सुरू होते. सगळ्या दिसल्या, तर एफ. विंडोज किंवा लिनक्स सुरू झालं की दुसरं काही करण्याआधी फोटो वेगळ्या डिस्कवर कॉपी करा. संख्या कमी भरली तर काही न दाबता मशीन बंद करा आणि यादीत काय दिसलं ते इथे लिहा.